व्याह्यांची पाच पानं

लाडू चांगला गरगरीत गोल होता, आणि तिथंच सगळं बिघडलं. आता लाडू गोल असणं हा काही बडोदे राज्यात गुन्हा नव्हता, पण जयसिंगरावांनी तो तोंडाकडे नेता नेता मध्येच थांबवला आणि त्याच्या अंगावरून अंगठा फिरवला. सरकारी जीनखान्यात जन्मभर खोगिरांच्या कातड्यावरून ते असाच अंगठा फिरवत आले होते, डोळे दुसरीकडे ठेवून. कातडं वरून तुकतुकीत दिसतं आणि आतून चिरलेलं असतं. ते डोळ्यांना कळत नाही, अंगठ्याला कळतं. इथं अंगठ्याला काहीच लागलं नाही, आणि लागायला हवं होतं. त्यांच्या लेकीनं, चारूनं, वळलेल्या लाडवाला एका अंगाला पाखरानं चोच मारल्यासारखा खळगा असायचाच, कारण लहानपणी बापाच्या मागं मागं जीनखान्यात हिंडताना तिचं मधलं बोट रिकिबीच्या कडीत सापडलं होतं आणि ते पुढं कायमचं वाकडं राहिलं. लग्नाआधी दर दिवाळीला घरात त्या खळग्याची थट्टा व्हायची आणि ती चिडून म्हणायची, मग तुम्हीच वळा. आणि आत्ता समोर लोडाला टेकून बसलेले तिचे सासरे पिलाजीराव, नवसारीकडचे निवृत्त फौजदार, डबा पुढं सरकवत म्हणत होते, "घ्या, घ्या. सूनबाईंनी मुद्दाम तुमच्यासाठी वळलेत, स्वतःच्या हातानं."

जयसिंगरावांनी लाडू खाल्ला. व्याह्यांनी दिलेला लाडू परत डब्यात ठेवणारा बाप अजून जन्माला यायचाय. बेसन टाळूला चिकटून बसलं. मग त्यांनी दुसरा उचलला, तो खाण्यासाठी नव्हे, तोही गोल. तिसऱ्याकडे हात गेला तेव्हा शेजारचे छोटाभाई कापडवाले हसले आणि म्हणाले की जयसिंगभाईंना लेकीच्या हातची भारी गोडी. सगळे हसले, पिलाजीराव सर्वांत मोठ्यानं. ते हसणं जयसिंगरावांनी मनात एकीकडे ठेवून दिलं, सवडीनं तपासायला. मोलकरणीनं वळले असतील. सासूबाईंनी वळले असतील आणि नाव सुनेचं सांगितलं असेल, त्यात काय, मोठ्या मनाची माणसं. बोट बरं झालं असेल. पण वाकडी बोटं बरी होत नाहीत, आणि पिलाजीरावांच्या सौभाग्यवती काही झालं तरी सुनेला श्रेय देणाऱ्यांतल्या नव्हेत. चारू आजारी असेल. हात उचलवत नसेल इतकी आजारी असेल. किंवा... पण त्या पुढच्या शब्दाला त्यांनी उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि पत्ते पिसणाऱ्या रमाकांतच्या हातांकडे बघत राहिले.

दिवस श्रावण वद्य सप्तमीचा. छोटाभाईंच्या घरी, आणि पाणीगेटच्या आत जेवढी म्हणून गुजराथी बिऱ्हाडं होती तेवढ्या सगळ्यांच्या घरी, चुली थंड होत्या. सातमीला शीतळामाता चुलीत लोळायला येते, तेव्हा तिला चटका बसू नये म्हणून सगळं कालचं, गार खायचं. आणि चुली थंड म्हणून हात मोकळे, हात मोकळे म्हणून पत्ते. सातम-आठमीला एरवी जुगाराचं नाव काढलं तर कानांवर हात ठेवणारी माणसंसुद्धा बडोद्यात मांड ठोकून बसतात, आणि दोन-तीन पिढ्या त्यांच्या शेजारी राहून मराठी घरांनीही हे पुण्य जोडून घेतलं होतं. जयसिंगरावांच्या माडीवर मात्र तीन पानांचा साधा खेळ होत नसे. त्यांच्याकडे पोकर. ते रमाकांतनं आणलं. रमाकांत हा गल्लीतला विद्वान. सरकारी खर्चानं अमेरिकेत कापड रंगवण्याची विद्या शिकायला गेला आणि परत आला तेव्हा ती विद्या फक्त त्याच्या स्वतःच्या बाह्यांवर दिसायची, पण पोकर मात्र पक्कं रंगून आलं होतं. तिकडे एका आगगाडीत आपण आख्ख्या कडी प्रांताएवढी शेतजमीन जिंकली आणि पुढचं स्टेशन यायच्या आत हरलो, असं तो सांगायचा, आणि जो कोणी शंका घेईल त्याला त्या स्टेशनचं नाव म्हणून दाखवायचा. ते इतकं लांब असायचं की शंका घेणाराच दमून जायचा. पाच पानं वाटायची, नको ती एकदा बदलून घ्यायची आणि मग चिंचोके पुढं सरकवत बोली वाढवायची. हातात काही नसताना भारंभार चिंचोके लोटून दुसऱ्याला घाबरवता येतं, दुसऱ्यानं एक तर निमूट पानं खाली ठेवावीत, नाही तर तेवढेच चिंचोके टाकून म्हणावं, "उघडा." रमाकांत म्हणायचा, सगळा खेळ त्या एका शब्दात आहे, बाकी नुसते कागदाचे तुकडे.

आणि नेमका तोच शब्द जयसिंगरावांना म्हणता यायचा नाही. चिंचोके ठेवले होते तेही त्यामुळेच. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाकडून पैसा जिंकायचा ही कल्पनाच त्या माडीवर कुणाला झेपली नसती. पण चिंचोक्यांतही मान असतो. पिलाजीराव वरपक्ष. दर श्रावणात काही ना काही दरबारी कामाचं निमित्त काढून ते बडोद्याला येत, दोन दिवस राहत, आणि सातमीला डावाला बसत. चारूच्या लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात त्यांनी ओंजळभर चिंचोके पुढं केले आणि जयसिंगरावांचा हात, शिलेदाराच्या रक्ताचाच तो, तेवढ्याच चिंचोक्यांकडे गेला. तेवढ्यात दाराआड बांगड्या वाजल्या. त्यांच्या पत्नी इंदिराबाई होत्या तिथं. त्या काही बोलल्या नाहीत, मराठ्याच्या घरातली बाई व्याह्यांच्या कानावर आवाज पडू देत नाही, पण त्या बांगड्यांचा अर्थ जयसिंगरावांना बरोबर कळला. व्याह्याला 'उघडा' म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याला खोटारडा ठरवणं. आणि त्याची परतफेड पत्त्यांच्या डावात होत नाही, ती नवसारीला, स्वयंपाकघरात, चुलीपाशी एकट्या बसलेल्या पोरीला होते. त्यांनी पानं खाली ठेवली. पिलाजीराव खूश झाले. तेव्हापासून दर श्रावणात जयसिंगराव पानं खाली ठेवत आले, कधी जोडी, कधी तीन एक्के असतानाही. ती पानं खाली ठेवण्याची त्यांची एक तऱ्हा बसून गेली होती, किंचित मान लववून, जसं काही दरबारात मुजरा.

गमतीची गोष्ट अशी, आणि ती आज त्या बेसनाच्या घशात अडकलेल्या गोळ्याबरोबरच त्यांच्या ध्यानात आली, की आपले व्याही बिनपानांचे बोली वाढवतात याबद्दल त्यांना इतक्या वर्षांत कधी शंकाच आली नव्हती. त्यांनी त्या माणसाच्या मिशीचं आख्खं शास्त्र रचलं होतं. आणि मिशी होतीही शास्त्र रचण्याजोगी. व्यारा भागात म्हणे एका चोरानं ती नुसती खिडकीतून येताना पाहिली आणि कबुलीजबाब दिला, आणि त्याच्या शेजारच्या निरपराध माणसानंही दिला. तर त्या मिशीचं उजवं टोक वर गेलं की हातात काही नाही. डावं टोक चावलं की जोडी. आणि दोन्ही टोकं स्थिर असली म्हणजे मात्र सांभाळून. रात्री अंथरुणावर पडून त्यांनी हे शास्त्र घोटलं होतं, इंदिराबाईंना समजावून सांगितलं होतं, मनातल्या मनात व्याह्यांना शेकडो वेळा उघडं पाडलं होतं. आणि एकदाही त्या माणसाची पानं पाहिली नव्हती. एकदाही. ते उजवं टोक वर गेलं असताना खाली तीन राजे होते की रद्दी होती, हे देवाला ठाऊक. म्हणजे आपल्याला या माणसाबद्दल काय माहीत आहे, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं ते असं की ते मोठ्यानं हसतात आणि जिंकतात.

चहा आला. तो इंदिराबाईंनी दाराच्या फटीतून रमाकांतच्या हातात दिला. छोटाभाईंनी आपला कप बशीत ओतून गार व्हायला ठेवला, कारण सातम. रमाकांतनं पानं वाटली. जयसिंगरावांनी आपली उचलली: दोन राजे, इस्पिकचा आणि किलवरचा, सत्ती, तिरी, आणि चौकटचा राजा. तीन राजे. एरवी त्यांना आत कुठंतरी गार वाटलं असतं; आज त्या तीन राजांकडे पाहून त्यांना तीन लाडू आठवले. त्यांनी सत्ती आणि तिरी बदलून घेतली, आली ती तशीच निकामी. छोटाभाईंनी चार बदलली आणि तोंड वाकडं केलं. रमाकांतनं दोन. आणि पिलाजीरावांनी हात हलवला. "नको. आहेत ती बरी आहेत."

एकही पान बदललं नाही. म्हणजे एक तर पाचच्या पाच जमून आलेली, नाही तर पाचच्या पाच फुकट. जयसिंगरावांनी मिशीकडे बघितलं. टोकं स्थिर होती. पण आता शास्त्राचा काय उपयोग. ते एखाद्या न पाहिलेल्या गावाचा नकाशा काढावा तसं होतं. आहेत ती बरी आहेत. हे वाक्य कुठं ऐकलं आपण? दिवाळीला ऐकलं. दिवाळीला ते म्हणाले होते, पाठवायला हरकत नाही, पण आमच्या आनंदची नवी नोकरी, घरात बाईमाणूस हवं, सूनबाई आहेत तिथं बऱ्या आहेत. संक्रांतीला सौभाग्यवतींचे गुडघे. उन्हाळ्यात नवसारीत देवीची साथ, आता प्रवास नको. दर वेळी जयसिंगरावांनी लिहिलं होतं, आपली अडचण समजते, आपण म्हणाल तसं. पूर्वी चारूची पत्रं यायची, बैलगाडीत बसल्यासारखी उड्या मारणाऱ्या अक्षरांची. मग ती कमी झाली, आणि अलीकडे पिलाजीरावांच्याच पत्राच्या तळाशी एक ओळ असायची, सूनबाई नमस्कार सांगतात. आणि ती ओळही पिलाजीरावांच्याच वळणदार, फौजदारी अक्षरात. इंदिराबाई ती ओळ बोटानं चाचपायच्या. आणि जाऊन पाहायचं म्हटलं तर लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत आईबापांनी पाऊल टाकायचं नसतं, तिथलं पाणी प्यायचं नसतं. नातवंड नव्हतं. त्यामुळं नवसारीतलं ते घर त्यांनी कधी आतून पाहिलंच नव्हतं. लग्न बडोद्यालाच झालं. कुठल्या खिडकीत ती उभी राहत असेल, अंगणात काय असेल, विहीर असेल का, आणि विहिरीला कठडा... त्यांनी कप खाली ठेवला. विहिरीचा विचार कुठून आला? आपण आपल्याच माडीवर, सणाच्या दिवशी, पाहुण्यावर खुनाचा संशय घेतो आहोत आणि पाहुणा आपल्याला लाडू चारतो आहे. पण मग दुसरा एक बारीक आवाज म्हणाला, ज्याच्यावर संशय घ्यावा तोच तर लाडू आणतो.

पिलाजीरावांनी चिंचोक्यांची अर्धी रास पुढं लोटली. छोटाभाईंनी पानं टाकली आणि समाधानानं गार चहा प्याले. रमाकांतनं पानांकडे बघितलं, राशीकडे बघितलं, आणि अमेरिकेतल्या एका मरणोन्मुख खाणमालकाची गोष्ट सुरू करता करता पानं खाली ठेवली. राहिले जयसिंगराव. आता सगळ्यांनाच ठाऊक होतं काय होणार ते. रमाकांतचा हात पुढच्या डावासाठी पत्ते गोळा करायला निघालाही होता. दर वर्षीचा मुजरा व्हायचा आणि डाव संपायचा. जयसिंगरावांची मान लवायला लागलीही होती. ती कुणाची मान होती? ती त्यांची नव्हती. ती कुणी तरी त्यांच्या खांद्यांवर बसवून दिली होती आणि ती आपोआप लवायची, खोगीर टाकलं की घोड्याची पाठ दबते तशी. मान अर्ध्यावर थांबली. समोर पिलाजीरावांच्या कपाळावर घाम होता. श्रावणातल्या गार दुपारी, खिडकीतून वारा येत असताना, त्या माणसाच्या कपाळावर घाम. आणि जयसिंगरावांना वाटलं, याच्या हातात काही नाही. याच्या हातात कधीच काही नव्हतं. सगळं मी दिलेलं, माझ्या मानेनं. आणि लगेच वाटलं, घाम पाच चांगली पानं आली तरी येतो. आणि मग वाटलं की जर मी आज पानं खाली ठेवली तर संध्याकाळी हा माणूस पागोटं घालून निघेल, दारात म्हणेल, सूनबाई मजेत आहेत, आणि मी म्हणेन, आपण म्हणाल तसं. आणि मग पुढच्या श्रावणापर्यंत रोज रात्री मी त्या विहिरीच्या काठावर उभा. दुसऱ्या बाजूला, जर उघडा म्हटलं आणि त्याच्याकडे खरंच काही असेल, तर अपमान. आणि चारू जिथं कुठं असेल तिथं त्या अपमानाचा हिशेब तिच्याकडून घेतला जाईल. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूलाही तीच. दोन्हीकडे तीच असेल तर मग भ्यायचं कशाला, असा एक चमत्कारिक विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि त्याच्या मागोमाग त्यांना दाराआडच्या शांततेची जाणीव झाली. बांगड्या वाजत नव्हत्या. इंदिराबाई तिथंच होत्या, त्यांची सावली फटीतून जमिनीवर पडली होती. पण त्या हात हलवत नव्हत्या.

"अरे रमो ने, खेळा ना, जयसिंगभाई," छोटाभाई म्हणाले, "आज तर माझी चूल थंड. तुम्ही कशाला थंड पडलात?"

जयसिंगरावांनी आपल्यापुढचे चिंचोके, होते नव्हते तेवढे, दोन्ही हातांनी पुढं लोटले. आवाज मोठा झाला. एक चिंचोका घरंगळत खिडकीखाली गेला. मग ते म्हणाले, अगदी हळू, म्हणजे खोगीर आणा म्हणावं तसं, "उघडा."

रमाकांतचा हात हवेत राहिला. छोटाभाईंनी बशी खाली ठेवली. पिलाजीरावांनी प्रथम ऐकलंच नाही. मग ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून इतक्या गोष्टी एकापाठोपाठ गेल्या की जयसिंगरावांना त्या ओळखता येईनात. राग होता का? असावा. पण तो टिकला नाही. आणि मग त्यांनी पानं एकेक करून जाजमावर मांडली, सावकाश, एखादा सोनार दागिना मांडतो तशी. बदामची दुर्री. बदामची चौकी. बदामची अठ्ठी, बदामची दश्शी, बदामची राणी. पाचही बदाम. तीन राजे त्यापुढं मुकाट.

"बघा," पिलाजीराव म्हणाले. "बघा जयसिंगराव. खरं होतं की नाही? बघून घ्या. हात लावून बघा." आणि ते हसायला लागले. रमाकांतच्या पाठीवर थाप मारली, छोटाभाईंना पानं उचलून दाखवली. इतक्या वर्षांत कुणी म्हणून उघडा म्हटलं नाही, लोकांना वाटत असेल फौजदार थापा मारतो, आता कळलं ना सगळ्यांना. अपमानाचं नाव नाही. डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं होतं. जयसिंगराव हरले होते. कान तापले होते, आणि माफी मागायचे शब्द जिभेवर जमू लागले होते. पण त्यांची नजर त्या हसण्यावरून हलेना. एखाद्या झडतीत शिपायांनी आख्खं घर उलथंपालथं करावं आणि काही न सापडता निघून जावं, तसा तो माणूस सुटल्यासारखा हसत होता. खोगीर असंच असतं. ज्या बाजूला विकणारा पुन्हा पुन्हा हात लावून दाखवतो त्या बाजूला चीर नसते. पानं खरी होती. पानं खरी होती म्हणूनच तो ती इतक्या आनंदानं दाखवत होता. हे पाहा, हे पाहा, आणि दुसरीकडे पाहू नका.

"पिलाजीराव," जयसिंगराव म्हणाले, "मी तुमच्याबरोबर येतो."

"कुठं?"

"तुमच्या घरी. चारूला बघायला. आजच्याच गाडीनं."

हसणं थांबलं. पिलाजीरावांनी पानं गोळा करायला घेतली. ते म्हणाले की असं कसं, अजून नातवंड नाही, तुम्ही तर आमच्या घरचं पाणीही प्यायचे नाही, लोक काय म्हणतील. जयसिंगराव म्हणाले की पाणी घरून आणीन. पिलाजीराव म्हणाले, सौभाग्यवतींना आधी कळवायला हवं. जयसिंगराव म्हणाले, तार करू. पिलाजीरावांनी मिशीवर मूठ फिरवली, दोन्ही टोकं एकदमच, आणि जयसिंगरावांच्या लक्षात आलं की त्या मिशीला त्यांनी आयुष्यात कधी खरं म्हणून पाहिलंच नव्हतं. ती एक म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाची मिशी होती. रमाकांतला एवढं कळलं की आता अमेरिकेतली कुठलीच गोष्ट उपयोगाची नाही. तो छोटाभाईंना घेऊन जिना उतरला.

"सूनबाई आमच्याकडे नाहीत," पिलाजीराव म्हणाले. "होळीपासून नाहीत."

जयसिंगरावांनी उंबऱ्याबाहेर उभा केलेला शब्द आत आला. पण पिलाजीराव घाईघाईनं पुढं बोलले, नाही, नाही, तसं नव्हे, खुशाल आहेत. मग त्यांनी सांगितलं, जाजमाकडे बघत, जन्मभर दुसऱ्यांचे कबुलीजबाब लिहून घेतलेल्या माणसाच्या ओबडधोबड वाक्यांत. आनंद ताडीच्या नादी लागला. गावातले सगळे पिणारे आपण आत टाकले आणि घरातला एक आवरता आला नाही. मग तो हात उचलायला लागला. एकदा नव्हे. होळीच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई आपल्या समोर येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा न करता, आणि म्हणाल्या, मामंजी, मला इथून पोचवा. आपण पोचवलं. डभोईला. मुलींच्या शाळेत शिकवतात. एका वयस्क मास्तरीणबाईंच्या बिऱ्हाडात राहतात. आपल्या घरी हे फक्त आपल्याला माहीत आहे. मुलाचा बाप असून सुनेला पळून जायला मदत केली, हे तोंड घेऊन तुमच्यासमोर काय सांगणार होतो.

"डभोईला," जयसिंगराव म्हणाले. डभोई म्हणजे लहान गाडीनं हाकेच्या अंतरावर. सकाळी निघालेला भाजीवाला दुपारच्या आत इथं असतो. "डभोईला होती, आणि इथं आली नाही?"

पिलाजीरावांनी जयसिंगरावांकडे बघितलं आणि नजर वळवली, आणि त्या नजर वळवण्यात पहिल्यांदाच काही लपवण्याचा प्रयत्न नव्हता. उलट कुणाला तरी न दुखवण्याचा होता.

"मी म्हटलं होतं त्यांना, बडोद्याला सोडतो," ते म्हणाले. "त्या म्हणाल्या, नको. म्हणाल्या, बाबा तुम्हाला काही विचारायचे नाहीत. उद्या तुमच्या मुलानं पत्र लिहिलं, बायकोला पाठवा, तर ते गाडीत बसवून देतील."

तेव्हा ती दुपार वर आली. इतका वेळ जयसिंगराव जगभर संशय घेत हिंडले होते आणि एवढी एक दुपार सोडून हिंडले होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी चारू एकटीच दारात येऊन उभी राहिली होती, हातात लहानशी ट्रंक. उन्हानं चेहरा लाल. इंदिराबाई पाणी आणायला धावल्या. त्यांनी विचारलं होतं, अशी न कळवता? ती म्हणाली होती, आठवण आली. त्यांनी तिच्याकडे बघितलं होतं, आणि त्यांच्या अंगठ्याला कळलं होतं. कळलं होतं, नाही असं नाही. पण त्यांनी पुढं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग काही तरी करावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव मार्केटातून करंडीभर आंबे घेऊन ते तिला परत पोचवायला निघाले. गाडीभर ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. नवसारीच्या फलाटावर त्यांनी पिलाजीरावांना सांगितलं, पोरीला आमची आठवण झाली, लहान आहे अजून, सांभाळून घ्या. जाताना तिनं मागं वळून बघितलं का, हे त्यांना काही केल्या आठवेना; कारण त्या वेळी ते व्याह्यांना वाकून रामराम करत होते.

दार पूर्ण उघडलं. इंदिराबाई आत आल्या. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा, आणि त्या सरळ पिलाजीरावांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, जशा त्या लग्नाच्या मांडवातसुद्धा राहिल्या नव्हत्या. फौजदार गडबडून उठले आणि त्यांनी हात जोडले. इंदिराबाईंनी विचारलं, डभोईची गाडी आता कुठली मिळेल. ते म्हणाले, संध्याकाळची. त्या म्हणाल्या, मग टांगा बोलवा. आणि जयसिंगरावांकडे न बघता आत गेल्या, आणि ट्रंकेचं झाकण वाजल्याचा आवाज आला.

टांग्यात इंदिराबाई मागं बसल्या, शेजारी जयसिंगराव. पिलाजीराव, ज्यांना या घरानं कधी मानाच्या जागेखेरीज दुसरीकडे बसू दिलं नव्हतं, कुणी न सांगता टांगेवाल्याच्या शेजारी चढले. पाणीगेटच्या कमानीखालून बाहेर पडताना सातमीची माणसं ओट्याओट्यांवर डाव मांडून बसलेली दिसत होती, आणि कुठल्या तरी घोळक्यातून हसण्याचा लोट येऊन मागं पडला. जयसिंगरावांनी वळून पाहिलं तर पिलाजीरावांची मान होती, पागोट्याखाली सुरकुतलेली. डभोई हे खरं असेल का? मास्तरीणबाई असतील का? हा माणूस आपल्याला गाडीत बसवून मधल्याच स्टेशनवर उतरून जाईल का?

"मी सांगितलं ते पटलं ना तुम्हाला?" पिलाजीरावांनी मागं न वळता विचारलं.

"नाही," जयसिंगराव म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बरोबर घेतलंय."

पिलाजीरावांनी मान हलवली. वाईट वाटल्याचं त्यात काही दिसलं नाही. टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला तेव्हा ते म्हणाले, "आणि सूनबाईंनी दार लावून घेतलं तर?"

जगातल्या प्रत्येक माणसाच्या खोटेपणाची तयारी जयसिंगरावांनी करून ठेवली होती. या एका खऱ्या गोष्टीची नव्हती.

"पायरीवर बसू," इंदिराबाई म्हणाल्या. "घर तिचं आहे. दार कधी उघडायचं ते ती ठरवील."